उरेब

नेरूळच्या विरंगुळा केंद्रात शनिवारी चारला
टिपणीसबाई पडदे ओढून सुतळीनं बांधतात,
कॅरमबोर्ड बाजूला सरकवतात
आणि भिंतीवर उघडतं एकोणीसशे बत्तीस.

मी सेक्टर सहातली शिवणवाली.
चाळीस वर्षं फॉल-पिको, ब्लाउज, शाळेचे गणवेश.
मला इंग्रजी येत नाही. कापड येतं.
ती जिना उतरली तेव्हा मी तिचा चेहरा पाहिलाच नाही,
सॅटिन पाहिलं.
उरेब कापलेलं, गळ्यापासून घोट्यापर्यंत सगळंच्या सगळं.
एवढं कापड वाया घालवायला छाती लागते.
सरळ कापलं की कापड अंगाला सांगतं कसं उभं राहायचं.
उरेब कापलं की अंग कापडाला सांगतं.
आत तिनं काही घातलं नव्हतं. शिवणीवरून कळतं ते.

टेलिफोनवर काम करायची ती.
नवरा दुसरीकडे जातो हे कळलं
तेव्हा काडी त्याच्याच बुटावर घासून सिगरेट पेटवली,
अंगठी टाकली त्याच्या सूपात
आणि निघाली टॅक्सीनं, टोपी तिरकी, एकटी.

करावे गावच्या जनाबाय भोईर कुजबुजल्या,
"बग गो, आता हिला टीबी होनार."
आम्ही नऊजणी वाट बघत बसलो.
सवयच आहे आम्हाला,
अशा बाईला शेवटच्या दहा मिनिटांत खोकला लागतो,
नाहीतर गोळी,
नाहीतर देवळाच्या पायरीवर पश्चात्ताप.
खोकला आला नाही.
तिनं वेटरला हाक मारून आणखी दोन अंडी मागवली
आणि संपलं.

जनाबाय बराच वेळ गप्प.
मग म्हणाल्या, "जेवली गो पोटभर."

टिपणीसबाईंनी सांगितलं ते असं :
सिनेमा बोलायला शिकला
आणि चार-पाच वर्षं मनाला येईल ते बोलला.
बायका उलट उत्तरं देत होत्या, पुरुषांचे पगार विचारत होत्या,
चोर हसत हसत सुटत होते.
नियमांची वही होती, पण खणात.
चौतीस साली ती टेबलावर आली.
पलंग दोन झाले. चुंबन आखूड झालं.
चुकलेल्या बाईला मरण सक्तीचं.

पुढच्या शनिवारी त्याच नटीचा नंतरचा सिनेमा लावला.
तोच जिना, तशीच चाल,
पण गळ्याला आतून पट्टी.
मी ओळखते ती पट्टी.
लग्न झालं की महिन्याभरात पोरी ब्लाउज घेऊन येतात,
सोबत सासू,
"गळा जरा वर घ्या हं."
मी घेते.
शेकडो घेतलेत, तीस रुपयाला एक.
त्या अंधारात मला माझेच टाके दिसले.

कात्री माझ्याकडेही आहे.
पण कात्रीआधी माप घ्यावं लागतं
बाईला समोर उभं करून.
त्यांनी कोणाला उभं केलं होतं?

सेक्रेटरी घाडीगावकरांनी फळ्यावर खडूनं लिहिलं,
"यापुढे फक्त कौटुंबिक व भक्तिपर."
अध्यक्षांची सही. किल्ली त्यांच्या खिशात.

म्हणून आता शनिवारी माझं शटर अर्धं खाली असतं.
बसायला गणवेशांचे गठ्ठे,
पडदा म्हणून पांढरं अस्तर, दोन मीटर, खिळ्यांना अडकवून.
पंखा लागला की नटी हलते.
रस्त्यावरून जाणारा एखादा वाकून बघतो
आणि बायकांचं हसू ऐकून पुढे जातो.

परवा सगळ्या गेल्यावर जनाबाय मागे राहिल्या.
चप्पल घातली, काढली.
"मना शिवशील का गो आसा? पाठीला मोकला?"
"घालाल कुठं?"
"घरान. बोंबील सुकवताना."
"कापड फार जाईल."
"जाऊ दे."

मी टेप काढली.
वय त्र्याहत्तर. पाठ मानेपासून कंबरेपर्यंत साडेपंधरा इंच,
उजव्या खांद्यावर टोपलीनं पडलेला घट्टा.
वहीत मापं लिहिली.
प्रकाराच्या रकान्यात काय लिहावं कळेना.
तो मोकळा ठेवला.